मीटिअर देऊन स्पोर्टी गाडी घेऊ का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायची मोटारसायकल, विकून स्पोर्ट्स गाडीकडे जायचं म्हणणाऱ्यांची बरीच पत्रं आलीत. त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एनफिल्डची मीटिअर 350 आहे, 2021 च्या शेवटी घेतलेली, 31 हजार किलोमीटर झालेत. गाडीने कधी त्रास दिला नाही. पण दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला घरी येतो तेव्हा खंबाटकी चढताना केटीएम ड्यूकवाली पोरं शेजारून सुळकन निघून जातात आणि मी गिअर पाडत बसतो. पसरणी घाटात तर वळणाला जरा जास्त झोपवली की फुटरेस्ट घासतो. टीव्हीएसची स्पोर्ट्स गाडी अपाचे आरआर 310 मनात भरलीय, ड्यूक 390 पण डोक्यात आहे. वय 34, महिन्यातून दोनदा बायको मागे असते. मित्र म्हणतात आरामाची गाडी सोडून वाकून बसायला वेड लागलंय का. काय करू?
— एक सातारकर, सध्या पुणे

उत्तर : भाऊ, मित्रांचं राहू द्या बाजूला. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकत्र झाल्यामुळे गोंधळ होतोय. एक म्हणजे चढाला दम कमी पडतो, दुसरी म्हणजे वळणाला गाडी पाहिजे तेवढी झोपत नाही. पहिलीचं कारण इंजिनात आहे, दुसरीचं कारण गाडीची ठेवण आणि तुमचे पाय कुठे असतात त्यात आहे. गाडी बदलायच्या आधी यातलं तुम्हाला खरं कोणतं खुपतंय ते नक्की करा, कारण त्यावर कोणती गाडी घ्यायची ते ठरतं.

आधी इंजिनाचं बघू. मीटिअर 349 सीसीची, पॉवर 20.4 पीएस आणि ती येते 6100 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर 27 न्यूटन मीटर आणि तो येतो 4000 ला. आरआर 310 चं इंजिन 312 सीसीचं म्हणजे तुमच्यापेक्षा लहानच, पण नव्या मॉडेलला पॉवर 38 पीएस 9800 आरपीएमला आणि टॉर्क 29 न्यूटन मीटर 7900 ला. आता टॉर्कचे आकडे परत वाचा, 27 आणि 29. फरक दोनचा, मग पॉवर जवळपास दुप्पट कुठून आली? तर तेवढाच जोर हे इंजिन दुप्पट वेगाने फिरताना देतं, सगळी गंमत तिथे आहे. म्हणजे तुम्ही मीटिअरच्या सवयीने तिसऱ्या-चौथ्या गिअरला तीन हजारावर आरआर घाटात घातली तर ती तुम्हाला मीटिअरपेक्षाही मरगळलेली वाटेल आणि तुम्ही म्हणाल की पैसे वाया गेले. तिला सहा-सात हजाराच्या वर ठेवायचं, गिअर लवकर पाडायचा आणि इंजिन ओरडतंय म्हणून घाबरायचं नाही, ते त्यासाठीच बनवलंय. शोरूमच्या दारातून पुढच्या चौकापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला हे कळत नाही, म्हणून मी कुणालाच तेवढ्या टेस्ट राइडवर निर्णय घेऊ देत नाही.

ड्यूक 390 चं गणित वेगळं. 2023 ला आलेल्या मॉडेलपासून इंजिन 399 सीसी, 46 पीएस, आणि टॉर्क 39 न्यूटन मीटर, तोही 6500 लाच. म्हणजे मधल्या आरपीएमलाही भरपूर ताकद आहे आणि गाडी मीटिअरपेक्षा वीसेक किलोने हलकी, 191 किलो कुठे आणि 168 कुठे. खंबाटकीची तक्रार एवढीच असेल तर ड्यूक ती सरळ मिटवते.

आता बसण्याचं. मीटिअरवर पाय पुढे, सीट 765 मिलिमीटर, पाठ ताठ, हँडल आपल्याकडे आलेलं. सगळं वजन माकडहाडावर येतं आणि मागचा प्रत्येक गचका थेट मणक्यात जातो, हे क्रूझरवाल्यांना तीनशे किलोमीटरनंतर कळतं, आधी नाही. स्पोर्ट्स गाडीवर फुटरेस्ट मागे आणि वर असतात, त्यामुळे वळणाला ते लवकर टेकत नाहीत आणि पायांवर उभं राहून खड्डा घेता येतो, पण त्या बदल्यात वजन पुढे येतं. हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात वारा छातीला टेकू देतो म्हणून तेवढं जाणवत नाही, पण कात्रजपासून स्वारगेटपर्यंत वीसच्या स्पीडने ट्रॅफिकमध्ये रांगताना तो वारा नसतो आणि सगळा भार मनगटावर येतो.

मी स्वतः सहा वर्षं अ‍ॅव्हेंजर चालवून मग क्लिप-ऑन हँडलची, म्हणजे हँडल खाली असलेली स्पोर्ट्स गाडी घेतली. पहिले तीन आठवडे संध्याकाळी चहाचा कप धरला तरी मनगट दुखायचं आणि खरं सांगतो मी ती विकायच्या विचारात होतो. मग एका जुन्या मेकॅनिकने मला स्टँडवरच्या गाडीवर बसवलं आणि म्हणाला हँडल सोड, आता पडू नकोस. म्हणजे मांड्यांनी टाकी घट्ट धरायची, पोट आवळायचं आणि हात कोपरात सैल ठेवायचे, हँडल फक्त वळवायला आहे, लटकायला नाही. ते जमायला पंधरा दिवस लागले आणि नंतर आंबेनळी घाट उतरताना मला पहिल्यांदा कळलं की गाडीचं पुढचं चाक रस्त्यावर काय करतंय हे हातांना जाणवतं, क्रूझरवर ते मला कधीच जाणवलं नव्हतं. तुमच्या पत्रातलं फुटरेस्ट घासण्याचं वाक्य वाचलं तेव्हा मला वाटलं तुम्ही पण तेच शोधताय.

वळण घ्यायची पद्धत दोन्ही गाड्यांची एकच आहे. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल हलकं पुढे ढकलायचं, गाडी उजवीकडे झोपते. पण मीटिअरचं पुढचं चाक 19 इंची आणि व्हीलबेस म्हणजे दोन चाकांमधलं अंतर 1400 मिलिमीटर, आरआरला दोन्ही चाकं 17 इंची आणि व्हीलबेस 1365, शिवाय पुढचं चाक धरणारा फोर्क जास्त उभा. त्यामुळे तेवढ्याच ढकलण्याला ही गाडी पटकन आत शिरते, आणि नवीन माणूस दचकून वळणाच्या मध्येच पुढचा ब्रेक दाबतो. नव्या गाडीवर माणूस पडतो तो बऱ्याचदा इथेच. ब्रेक वळणाच्या आधी सरळ गाडीवर संपवायचा, नजर वळण जिथे संपतं तिथे, आणि आपल्याकडच्या घाटात आतल्या कडेला बारीक खडी आणि चढावर ट्रकचं सांडलेलं डिझेल असतंच हे गृहीत धरून अर्धा झोक शिल्लक ठेवायचा. पावसाळ्यात तर पसरणी, यवतेश्वर, कुठेच गाडी पूर्ण झोपवायची नाही, टायर कितीही चांगला असू दे.

आता वहिनींचं, तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय पण मला ते सगळ्यात मोठं वाटतं. आरआरची मागची सीट लहान आणि उंच आहे, पाय दुमडून बसावं लागतं, आणि तुम्ही ब्रेक दाबला की त्यांचं वजन तुमच्या पाठीवर आणि तिथून तुमच्या मनगटावर येतं. मीटिअरवर मागे बसून त्यांना चार वर्षं सवय झालीय. त्यांना घेतल्याशिवाय टेस्ट राइड करूच नका, आणि चौकापर्यंत नाही, एक अख्खा शनिवार गाडी भाड्याने घ्या किंवा ओळखीच्याची मागा आणि पुणे-सातारा दोघं जाऊन या. घरी पोचल्यावर त्या काय म्हणतात ते ऐका.

पैशाचंही एक सांगतो, कारण 350 सीसीची रेघ आता खूप महत्त्वाची झालीय. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर 40 टक्के, आधी सेस धरून 31 होता. थर्ड पार्टी इन्शुरन्सलाही तीच रेघ आहे, 2022 ला ठरलेल्या दरांप्रमाणे 150 ते 350 सीसीला वर्षाचे 1366 रुपये आणि 350 च्या वर 2804, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. 399 सीसीची ड्यूक रेघेच्या पलीकडे पडते, 310 अलीकडे. आणि नवी मीटिअर स्वस्त झाल्यावर तुमच्या जुन्या मीटिअरला गिऱ्हाईक त्या हिशोबानेच भाव देणार, हे पण मनाशी धरून चाला.

माझं स्पष्ट मत हवं असेल तर तुमच्यासाठी आरआर नाही, तिचीच नेकेड (पुढचं आवरण नसलेली) बहीण अपाचे आरटीआर 310. इंजिन त्याच घराण्यातलं, 35.6 पीएस, 169 किलो, पण हँडल उंच आणि रुंद, त्यामुळे मनगट आणि वहिनी दोघांचीही सोय होते आणि पसरणीची वळणंही मिळतात. बजेट असेल आणि करांचं ओझं चालत असेल तर ड्यूक. आरआर तेव्हा घ्या जेव्हा तुम्ही बहुतेक वेळा एकटे जाणार असाल. आणि गाडी ठरेपर्यंत मीटिअरचा मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, बघून घ्या, सहा टप्पे आहेत त्याला, दोघं बसताना तो दोन-तीन टप्पे घट्ट केला तर गाडी मागे कमी बसते आणि फुटरेस्ट घासायचंही थोडं कमी होतं. फुकटचं काम आहे.

प्रश्न : माझी उंची 5 फूट 1 इंच. पाच वर्षं अ‍ॅव्हेंजर 220 चालवतेय, नाशिक-त्र्यंबक-इगतपुरी भागात खूप फिरते. यामाहाची स्पोर्ट्स गाडी आर15 घ्यायची खूप इच्छा आहे पण शोरूममधल्या माणसाने मला गाडीवर बसूही दिलं नाही, मॅडम पाय पोचणार नाहीत म्हणाला. खरंच नाही जमणार का?
— नाशिकची एक वाचक

उत्तर : ताई, आधी शोरूम बदला. बसू न देता गाडी विकणारा माणूस नंतर सर्व्हिसिंगला काय करणार.

अ‍ॅव्हेंजरची सीट 737 मिलिमीटर, आर15 ची 815, म्हणजे तीन इंच उंच. हा फरक खरा आहे, दोन्ही टाचा टेकणार नाहीत. पण दुसरी बाजूही बघा, अ‍ॅव्हेंजर 163 किलो आणि आर15 साधारण 142, म्हणजे वीस किलो हलकी, आणि सीट पुढे टाकीपाशी निमुळती आहे त्यामुळे पाय सरळ खाली जातो. नुसत्या सीटच्या उंचीवरून काही ठरत नाही, सीट रुंद असेल तर 790 ची गाडीही उंच वाटते. थांबताना दोन पाय टेकायची सवय क्रूझरने लावलेली असते, ती मोडावी लागेल. डावा पाय टेकायचा, उजवा मागच्या ब्रेकवर, आणि कंबर सीटवर डावीकडे सरकवायची, एवढं केलं की चवडा नीट पोचतो. हे मोकळ्या ग्राउंडवर पन्नास वेळा करा, मग चढावर करा, त्र्यंबकच्या गर्दीत उताराच्या बाजूला पाय टेकायची वेळ येते तेव्हाच गाडी आडवी होते. रस्त्याची उंच बाजू बघून थांबायचं हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. बूट जाड सोलचे घ्या, सीटचा फोम कापून घेण्याआधी हा उपाय करून बघा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. पॉवर तुम्हाला जास्त मिळणार नाही, अ‍ॅव्हेंजर 19 पीएस आणि आर15 18.4. शिवाय टॉर्क 17.5 वरून 14.2 वर येतो. तुम्हाला मिळेल ते वळण, ब्रेक आणि वरच्या आरपीएमची धाव, आणि ती मिळते गाडी 7-8 हजारावर ठेवली तर. वाकून बसणं आवडलं नाही तर त्याच इंजिनाची एमटी-15 आहे, सीट 810, हँडल वर. दोन्हीवर बसून बघा, आणि बसू द्या म्हणून विनंती नका करू, गिऱ्हाईक आहात तुम्ही.

प्रश्न : थंडरबर्ड 350 विकून नवीन गाडी घेतोय. शोरूमवाला एक्सचेंजला 62 हजार देतो म्हणतो, बाहेर जुन्या गाड्यांचा कन्सल्टिंगवाला 75 देतोय, तो म्हणतो फॉर्मवर सह्या करून द्या, गिऱ्हाईक मिळालं की नावावर करून घेतो. 13 हजाराचा फरक आहे. देऊ का?
— सांगलीचे एक वाचक

उत्तर : असं नुसत्या सह्या करून देऊ नका. माझ्या जवळच्या मित्राने अशाच कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी दिली होती, चौदा महिन्यांनी त्याच्या घरी तीन ई-चलान आली आणि पाठोपाठ एका अपघाताच्या केसमध्ये नोटीस. गाडी कुणाकडे होती ते त्याला माहीतही नव्हतं, कन्सल्टिंगवाल्याने ती पुढे दोघांना विकलेली होती आणि आरसीवर नाव मात्र ह्याचंच. वर्षभर तो कोर्टाच्या तारखा करत होता आणि रात्री झोप नव्हती त्याला, मी जवळून बघितलंय.

कायदा या बाबतीत कडक आहे. आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईत जबाबदारीही त्याचीच, सुप्रीम कोर्टाने 2018 ला हे स्पष्ट केलंय, मध्ये गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला 30 दिवस. फॉर्म 29 विकल्याची सूचना, फॉर्म 30 नाव बदलण्याचा अर्ज. लोन फिटलं असेल आणि आरसीवर बँकेचा बोजा अजून असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन तो काढा, नाहीतर पुढचं काहीच हलत नाही. दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते, सांगलीहून गाड्या पलीकडे बेळगावकडे जातात म्हणून मुद्दाम सांगतो.

जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी 1 एप्रिल 2023 पासून वेगळी व्यवस्था आली आहे. डीलर आरटीओकडे नोंदलेला अधिकृत असेल तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी ने पोर्टलवर जाते आणि तिथून पुढे जबाबदारी त्याच्यावर येते. कन्सल्टिंगवाल्याला सरळ विचारा की अधिकृत नोंदणी आहे का आणि 29सी करून देणार का. हो म्हणाला आणि तुमच्यासमोर केलं तर 75 हजार घ्या. टाळाटाळ केली तर 62 वाला शोरूमही हेच लिहून देतोय का ते बघा, किंवा स्वतः गिऱ्हाईक शोधा आणि दोघं मिळून ट्रान्सफर करून या.

आणि इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस (एनसीबी) सोडू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्के, आणि विक्रीनंतर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं की तीन वर्षांत नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर लावता येतो. 13 हजाराच्या घासाघिशीत लोक हे विसरतात.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, कॉलेजला वडिलांची अ‍ॅव्हेंजर 160 नेतो. आता ती देऊन ड्यूक 390 घ्यायची म्हणून महिनाभर घरात अबोला आहे. ह्यांना वाटतं घेऊन द्यावी, मला भीती वाटते. मी चुकतेय का?
— अकोल्याची एक आई

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे, आकड्यातही खरी आहे. अ‍ॅव्हेंजर 160 ची पॉवर 15 पीएस आणि 390 ची 46, तिप्पट. आपल्याकडे लायसन्स एकच, त्यावर कितीही पॉवरची गाडी चालवता येते, त्यामुळे ही मधली पायरी घरच्यांनीच घालावी लागते.

पण सरळ नाही म्हणू नका, तो मित्राची चालवेल आणि ते तुम्हाला कळणारही नाही. त्याला समोर बसवून मधली गाडी सुचवा, आर15 किंवा अपाचे आरटीआर 200, ज्यात ब्रेक आणि ठेवण स्पोर्टी आहे पण पॉवर 18 ते 21 च्या घरात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यावर काढू दे, नंतर 390 चा विषय परत काढायचा असं त्याला कबूल करा आणि तो शब्द पाळा. गाडी आल्यावर पहिला आठवडा पहाटे मोकळ्या मैदानात पुढचा ब्रेक शिकायला लावा, चाळीसवरून, मग साठवरून, चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा लिव्हर हाताला कसा थरथरतो ते त्याला आधीच माहीत पाहिजे, नाहीतर खऱ्या वेळी घाबरून ब्रेक सोडतात मुलं.

आणि गाडीच्या पैशातून आधी दहा-बारा हजार बाजूला काढा. आयएसआयचं फुल फेस हेल्मेट, गुडघ्या-कोपराला आर्मर असलेलं जॅकेट आणि पॅड, ग्लोव्हज, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. अकोल्याच्या मे महिन्यात तो जॅकेट नाही घालणार म्हणून जाळीचं घ्या. दुकानात तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा, हेल्मेट घालून दहा मिनिटं तिथेच बसू दे त्याला, पट्टा लावून मागून वर ढकलून बघा, निघालं तर एक साइज लहान मागा.